तरीवरच्याची हजेरी

बाई, तुम्हाला लिहायला बसलं की आधी शुद्धलेखनाची भीती वाटते. पन्नाशी उलटली, डोक्यावरच्या बहुतेक केसांनी संन्यास घेतला, आणि तरी वरची ओळ मी दोनदा तपासली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या त्या लाल पेनातली शाई केव्हाच वाळली असेल. पण हात अजून जपूनच चालतो. लिहितोय ते दुबईतून, अल मनखूलमधल्या तिसऱ्या मजल्यावरून. खाली लाँड्री आहे, दिवसभर इस्त्रीच्या वाफेचा वास वर येतो. मी इथे भाषांतरं करतो. लोकांचे करार, मृत्युपत्रं, घटस्फोट मराठी-हिंदीतून इंग्रजीत नेतो आणि वर शिक्का मारतो. तुम्ही सुभाषितं शिकवलीत आणि तुमचा विद्यार्थी भाडेकरार इंग्रजीत नेतो आहे. तुम्ही यावर काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे, म्हणून ते लिहीत नाही.

आज लिहायचं कारण तो आहे. तुमचा तरीवरचा. खाडीपलीकडच्या गावातून रोज तरीतून, म्हणजे माणसं ने-आण करणाऱ्या होडीतून यायचा, म्हणून तुम्हीच त्याचं हे नाव ठेवलं होतं. मोहल्ल्यातला पोरगा संस्कृत का घेतो असं हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं होतं, सर, मार्क पडतात. तुम्हाला ते फार आवडलं होतं. आम्ही बाकीचे घरच्यांच्या धाकाने संस्कृत घेतलेले, निदान एकाचा तरी हेतू शुद्ध आहे, असं तुम्ही भर वर्गात म्हणाला होतात.

तुमच्या वर्गाची गंमत बाहेरच्या कोणाला सांगितली तर पटत नाही. हजेरीचं पुस्तक तुम्ही उघडतच नव्हतात. नावं तोंडपाठ. नाव पुकारलं की उठून म्हणायचं, उपस्थितः. आणि कोणी आला नसेल तर पुढे जायचं नाही, थांबायचं. तुम्ही चष्म्यावरून सगळ्या वर्गाकडे बघून विचारायच्या, सः कुत्र अस्ति? कोणीतरी उठून सांगायचं तो कुठे आहे ते, तेही संस्कृतात. "न जाने" हे उत्तर चालत नसे. म्हणून आमच्या वर्गात सगळ्यांना सदैव तापच यायचा. सः गृहे अस्ति, ज्वरः अस्ति. कोणाला कधी जुलाब झाले नाहीत, कारण अतिसार हा शब्द पुढच्या इयत्तेत होता. तुम्हाला हे कळत नव्हतं असं नाही. पण तापाचं खोटं चालायचं, माहीत नाही हे खरं चालायचं नाही. एकदा मी धीर करून म्हटलं होतं, बाई, तो आलाच नाही तर आम्ही काय सांगणार, तो आल्यावर त्यालाच विचारा ना. तुम्ही खडू खाली ठेवलात. "नसलेल्याला काय विचारायचं? मी असलेल्यांना विचारतेय."

आणि तो दिवस. तरीवरचा लागोपाठ काही दिवस आला नव्हता, आणि वर्गात कोणालाच काही ठाऊक नव्हतं. तापसुद्धा कोणी सुचवेना, इतकं तुम्ही सगळ्यांकडे रोखून बघत होतात. तुम्ही पुस्तक मिटलंत. तास तसाच गेला, बाहेर खाडीवरचा वारा कौलांतून शिट्टी वाजवत होता. मधल्या सुट्टीत तुम्ही छत्री उचललीत आणि मला म्हणालात, चल. मीच का, तर मी पुढच्या बाकावर होतो. तरीत बसल्यावर तुम्ही पदर घट्ट धरून डोळे मिटून घेतलेत आणि पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत ओठ हलत होते. रामरक्षा की खाडीला दिलेल्या सूचना, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी अजून ते घर बघतो आहे. अंगणात जाळी वाळत घातलेली, ओट्यावर नवीकोरी बॅग, आणि बॅगेभोवती उभी असलेली सगळी माणसं आम्हाला पाहून गप्प झालेली. त्याचा बाप गल्फला निघाला होता. व्हिसा हातात पडून माणूस विमानात बसेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, नजर लागते, असा तिकडे सगळ्यांचा रिवाज. म्हणून पोरालाही घरात डांबून ठेवलेलं, शाळेत बोलून बसेल म्हणून. त्याच्या आईने आम्हाला आत स्वयंपाकघरात नेलं, घावनं टाकायला घेतली. तुम्ही तव्याकडे बघत उभ्या. ती हसून म्हणाली, "बसा बाई. या तव्याने आजवर मासा पाहिलेला नाही." यावर तरीवरच्याला जोराचा ठसका लागला. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, तव्याकडे बघितलंत, खाली बसलात, आणि नारळाच्या रसात बुडवून घावन खाल्लंत. मग आणखी एक मागून घेतलंत. तापाचं खोटं आणि तव्याचं खोटं तुम्ही एकाच वहीत लिहीत असाल.

निघताना त्याला जवळ बोलावलंत. मला वाटलं आता छडी. तुम्ही एवढंच म्हणालात, "गुपित ठेवायचं तर ठेव. पण कुठे आहेस ते एकाला तरी सांगून ठेव." तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, हा भट चालेल? तुम्ही मला खालपासून वरपर्यंत पाहिलंत. म्हणालात, चालेल, तोंड बंद राहत नाही त्याचं, पण लक्षात ठेवतो.

त्या दिवसापासून मी त्याचा 'एक' झालो, बाई, आणि अजून आहे. तो बापाच्या मागे इथे आला, अजमानला राहू लागला, गाड्यांच्या सुट्या भागांचा धंदा करू लागला. मी पुष्कळ नंतर, तुम्ही गेल्यावर आलो. तेव्हापासून तो कुठेही निघाला की फोन. उद्या निघतोय भटा, हजेरी लाव. पोचला की पुन्हा फोन, नुसता एक शब्द, उपस्थितः. माझी बायको म्हणायची, तुमचं हे काय चाललंय, शाळा सुटून जमाना झाला. आम्ही म्हणायचो, बाईंची शाळा सुटत नाही.

मग ती वर्षं आली. अमेरिकेतले मनोरे पडल्यानंतरची. तो मालाच्या सौद्यासाठी एका तिसऱ्याच देशात गेला. कुठला ते लिहीत नाही, त्या देशाला अजून मान्य नाही. विमानतळावर उतरून त्याने फोन केला. उपस्थितः, म्हणाला, इथे उकडतंय, संध्याकाळी हॉटेलवरून बोलतो. ती संध्याकाळ झाली नाही. त्याची बायको दुसऱ्या दिवशी अजमानहून टॅक्सी करून माझ्याकडे आली. हॉटेल म्हणतं, आले नाहीत. एअरलाइन म्हणते, सांगता येत नाही. आणि त्या देशाच्या वकिलातीत साहेबाने स्क्रीनवर बघून सांगितलं, असा माणूस आमच्याकडे आलेलाच नाही, मॅडम, रेकॉर्डवर नाही. मी त्याला म्हटलं, त्याने तुमच्या विमानतळावरून मला फोन केला, उकडतंय म्हणाला. तो शांतपणे म्हणाला, आमच्याकडे या महिन्यात उकडत नाही.

पुढची दोन-अडीच वर्षं आम्ही दोघं दारं ठोठावत होतो. सगळीकडे चहा चांगला मिळायचा. इन्शाल्ला, होईल, मंडे को आओ, फाइल वर गेली आहे. इकडे पेपरात हळूहळू यायला लागलं की संशयितांना असं उचलतात, डोळ्यांवर पट्टी बांधून विमानात घालतात आणि कुठल्या तरी देशातल्या, नकाशावर नसलेल्या तुरुंगात ठेवतात. ना खटला, ना वकील, ना घरी कळवणं. जगभर गदारोळ झाला. मोठमोठे देश उठून म्हणाले, आम्ही कोणाला नेलं नाही, आमच्याकडे तशी जागा नाही, आणि असलीच तर ती कायद्याला धरून आहे. बाई, ही तीन वाक्यं मी एका दमात वर्गात म्हटली असती तर तुम्ही मला बाकावर उभं केलं असतंत.

आणि एका दुपारी ऑफिसात फोन वाजला. आवाज ओळखू येईना, घसा बसलेला. पण शब्द ओळखीचा होता. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, बाई. समोरची अरब क्लायंट बिचारी घाबरली.

त्याला का नेलं आणि का सोडलं, हे त्याला कोणी सांगितलं नाही. चूक झाली असंही नाही. खलास, घरी जा. त्यानेही पुढे काही काढलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. तो पुन्हा गाड्यांचे भाग विकू लागला, जाडा झाला, नातू झाला. प्रवास मात्र अजमान ते अल मनखूल, त्यापुढे नाही.

आता इतक्या वर्षांनी परदेशातली एक वकीलबाई त्याच्या मागे लागली आहे. अशा लोकांची निवेदनं गोळा करून ती कोर्टात जाणार आहे. तिने पाठवलेला पहिलाच प्रश्न, तुम्हाला कुठे ठेवलं होतं? तो म्हणाला, नाही म्हणून कळव भटा. मला जागाच माहीत नाही, ते मला खोट्यात काढतील, बायकोला पुन्हा तेच सगळं ऐकायला लागेल. मी कळवलं नाही. शनिवारी दोघांना जेवायला बोलावलं.

ही आमची नेहमीची पंगत. त्याची बायको बांगडे तळून आणते, माझी बायको आमटी-भात करते. (हो बाई, आमच्या तव्याने सगळं पाहिलंय.) माझी मुलगी, जी मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते, तिने भाताचा घास घेता घेता सरळ विचारलं, "बट अंकल, व्हेअर वेअर यू?" तो रागावला नाही. बांगड्याचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि तिला मराठीत सांगू लागला. तिथे दिवस कळत नव्हता, बेटा. दिवा बंदच करत नसत, आणि मोठ्याने गाणी लावून ठेवत. नावाने हाक कोणी मारत नसे. मग आपलं नाव विसरू नये म्हणून तो तुमची हजेरी घ्यायचा. पहिल्या बाकापासून, तुमच्याच क्रमाने. प्रत्येकाचं नाव घ्यायचं आणि तो आता कुठे आहे ते सांगायचं. हा चिपळूणला, बँकेत. ती पुण्याला, दोन मुलं. हा भट अल मनखूलला, लाँड्रीच्या वर.

"आणि माझं नाव आलं की अडायचो," तो म्हणाला. "सः कुत्र अस्ति? मलाच माहीत नाही. मग बाई पुढे जायच्या नाहीत. मी परत पहिल्या बाकापासून."

त्याची बायको आमटी वाढत होती. "मी सांगत होते ना इथे," ती म्हणाली. "सासूबाई फोनवर रोज विचारायच्या, कुठे आहे पोरगा. मी म्हणायचे, आहे. कुठे ते माहीत नाही अम्मी, पण आहे."

तेव्हा मला तो खडू आठवला, तुम्ही खाली ठेवलेला. मी त्याला म्हटलं, अरे, बाईंनी तुला कधी विचारलंच नव्हतं. नसलेल्याला काय विचारायचं? त्या असलेल्यांना विचारायच्या. त्याने ताट पुढे सरकवलं. मग म्हणाला, आमटी वाढ.

परवा त्याचं निवेदन झालं, माझ्याच टेबलाशी, व्हिडिओ कॉलवर. तो मराठीत बोलला, मी इंग्रजीत नेलं. वकीलबाईंनी विचारलं, कुठे? तो पाठ ताठ करून बसला, तुमच्या वर्गात बसायचा तसा, आणि म्हणाला, "मला माहीत नाही. मी नव्हतो. जे होते त्यांना विचारा. त्यांनी सांगेपर्यंत वर्ग सुरू होत नाही." मी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं. वकीलबाई म्हणाल्या, सॉरी, विच क्लास? मग मला तुमच्याबद्दल सांगावं लागलं. छत्री, तर, तवा, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या निवेदनात मी स्वतःची वाक्यं घातली. त्यांनी ती ठेवून घेतली. खालच्या लाँड्रीपाशी त्याची बायको गाडीत थांबली होती. तो उतरून तिच्या शेजारी बसला, आणि तासाभराने मला फोन आला. उपस्थितः. अजमानमध्ये ट्रॅफिक फार आहे.

कोर्टात काय होईल ते सांगता येत नाही. मोठी माणसं आहेत, त्यांना ताप येऊ शकतो.

हे पत्र घडी घालून ठेवतो आहे. पाकिटावर काय लिहू? एक कबूल करतो, बाई. तो नव्हता त्या काळात रोज सकाळी गाडी सिग्नलला थांबली की मीही तुमची हजेरी घ्यायचो, आणि त्याचं नाव आलं की त्याला ताप आणायचो. नियमात बसत होतं. काल मुलीने तुमचा शाळेतला फोटो पाहून विचारलं, तुझ्या बाई आता कुठे आहेत? न जाने म्हणायची सोय तुम्ही ठेवलेली नाहीत. मी म्हटलं, घरी आहेत. ताप आहे त्यांना.