छपरावरचा बर्फ छपरावरच राहावा

मी, केर्तू वर्नर निस्काला, वय वर्षे एकतीस, व्यवसाय घरांतून उष्णता कुठून निसटते याची तपासणी, राहणार टॅमरॅक रस्ता, कॅल्युमेट, मिशिगन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या बुद्धीने लिहीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. येत्या सोमवारी माझ्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया आहे. तिची भिंत एका जागी पातळ होऊन फुगली आहे. यावरून माझा धाकटा भाऊ ऑस्मो म्हणणार, "तिच्या डोक्यातच बिघाड होता, मग तिचा कागद कसला धरता?" शाळेत असल्यापासून तो हेच म्हणत आला आहे, आणि तेव्हा तर त्याच्याकडे कसलाही वैद्यकीय आधार नव्हता. म्हणून दाखला.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. या कागदाची व्यवस्थापक म्हणून माझी कामातली जोडीदार मार्लिस कोस्केला हिला नेमते. तिला काही ठेवलेले नाही. ती साक्षीदारही आहे. साक्षीदाराला काही ठेवू नये असे तिनेच सांगितले, आणि नंतर तोंड पाडून बसली.

१. घर. वडील, वर्नर निस्काला, वारल्यावर हे घर आईकडे आले आणि आईने ते माझ्या नावे केले. ऑस्मोने आपला हक्क वडिलांचा ट्रक आणि बर्फगाडी यांच्या बदल्यात लेखी सोडला. ट्रक त्याने झाडावर घातला, बर्फगाडी तळ्यात. हक्क तेवढा त्याला अजून धडधाकट वाटतो.

माझ्यामागे हे घर आई, इर्मा निस्काला, हिने ती असेपर्यंत वापरावे. तिची वरची खोली कोरडी राहावी, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे. ज्याला पुढचे वाचायचा कंटाळा असेल त्याने एवढे वाचून थांबले तरी चालेल.

२. ती खोली ओली का होत असे, हे इथे नोंदवून ठेवते, कारण आमच्या घरातल्या पुरुषांची स्मरणशक्ती वसंत ऋतूत वितळते.

ऑस्मोच्या वेळी आईला दिवस गेले होते. अंगणात आजोबांनी ओंडक्यांची सौना, म्हणजे शेगडीवरच्या तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफेत बसायची न्हाणी, बांधली होती. कमरेएवढ्या बर्फातून तिने तिथवर चालत जाऊ नये, म्हणून वडिलांनी ती सौना मोडली आणि तीच लाकडे वापरून घराच्या वरच्या मजल्यावर, झोपायच्या खोलीला लागून, नवी बांधली. इथवर मी त्यांना दोष देत नाही. पण अंघोळी आटोपल्यावर बाके सुकायला हवीत म्हणून त्यांनी सौनेच्या छताला एक झडप ठेवली, आणि ती उघडत होती पोटमाळ्यात. दर शनिवारी शेवटचा माणूस बाहेर आला की वडील ती झडप उघडत, प्रार्थना म्हणावी तशा गांभीर्याने. निखाऱ्यांची सारी धग, सारी वाफ छपराच्या पोटाला जाऊन भिडे.

मग जे व्हायचे ते होई. छपरावरचा बर्फ खालून वितळे. पाणी उतरत उतरत वळचणीला येई. वळचण भिंतीच्या बाहेर, म्हणजे थंडीत. तिथे ते गोठे. पुढच्या शनिवारी त्यावर आणखी गोठे. असा काठाला बर्फाचा बांध तयार झाला की मागून आलेल्या पाण्याला वाट राहत नसे, म्हणून ते डांबरी कौलांखालून उलटे वर चढे आणि आईच्या भिंतीत उतरे. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही म्हणतात. आमच्याकडे जाई. आईच्या उशामागे काळी बुरशी धरली. दर हिवाळ्यात ती खोकत असे आणि दर हिवाळ्यात घरचे म्हणत, "यंदा बर्फच फार बाई." नाचता येईना, अंगण वाकडे. इथे तर अंगण बर्फाखाली असल्याने वाकडे की सरळ हेही कोणी पाहिले नव्हते.

३. माझे काका आर्मास निस्काला यांना छपराचा बर्फ खाली ओढायचे माझे लांब दांड्याचे खोरे द्यावे. अट एक. ते जमिनीवर उभे राहून वापरावे.

आर्मासकाका रस्त्यावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आमचे छप्पर दाखवत. "बघा, निस्कालांच्या छपरावर बर्फ टिकत नाही. एवढं ऊबदार घर आहे. आणि पागोळ्या बघा, पार जमिनीला टेकल्यात." गोठलेल्या पागोळ्यांचा तो फोटो एका वर्षी चर्चच्या कॅलेंडरवर आला. जानेवारीचे पान. काकांनी ते चौकटीत बसवले. ते चित्र म्हणजे आमच्या घराला लागलेल्या गळतीचे चित्र आहे असे मी म्हणाले, तेव्हा ते म्हणाले, "पोरी, तुला सुंदर काही दिसतच नाही का गं?" मला दिसते. मला त्यामागची ओली भिंतही दिसते. चौकट आणि चित्र दोन्ही त्यांच्याकडेच राहू द्यावे.

शिकून परत आले त्या हिवाळ्यात मी एका शनिवारी सौनेत, हवा कुठून निसटते ते दाखवणारी धुराची कांडी घेऊन गेले. वडील, काका आणि ऑस्मो टॉवेल गुंडाळून बाकावर बसले होते. मी कांडी बंद झडपेखाली धरली. बंद असूनही फटीने धूर सरळ रेषेत वर ओढून घेतला.

"बघा," मी म्हणाले.

"काय बघा?" काका म्हणाले. "धूर वर जातो, हे शिकायला पोरीला कॉलेजात घातली होती, वर्नर?"

"मी तर शाळेत न जाता सांगितलं असतं," ऑस्मो म्हणाला.

"तू शाळेत न जाताच सांगतोस सगळं," वडील म्हणाले. तिघे हसले. दगडांवर पाणी ओतले गेले, माझी कांडी विझली, आणि विषय संपला. थोड्या वेळाने वडिलांनी झडप उघडली.

४. वडिलांची कुऱ्हाड. ती घेऊन ते दर फेब्रुवारीत शिडीवर चढत आणि बांध फोडत. बर्फाबरोबर कौलेही फोडत, म्हणजे पुढच्या पाण्याची सोय होई. एका सकाळी शिडीचा पाय घसरला. आधी कुऱ्हाड खाली आली, मग वडील. कमरेचे हाड मोडले आणि पुढे असेपर्यंत ते काठीने चालले. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांचे पहिले वाक्य होते, "निम्मा फोडला होता." आई म्हणाली, "निम्मे तुम्हीही फुटलात."

त्यांच्या सगळ्या उपायांत एकच मला मान्य होता, तो म्हणजे मोज्यात मीठ भरून बांधावर आडवे टाकायचे. मीठ बर्फात चर पाडते आणि साठलेल्या पाण्याला वाट मिळते. शहाणपणाचा उपाय. पण मोजे आईचे असत, आणि हिवाळाभर ती चर्चला उघड्या पोटऱ्यांनी जाई. कुऱ्हाड ऑस्मोला द्यावी. कशासाठी, ते कलम सातमध्ये आहे.

५. वळचणीवर नागमोडी बसवायच्या तापणाऱ्या विजेच्या तारा, तळघरात गुंडाळून ठेवल्या आहेत, त्या डेल ट्रेव्हॅरो यांच्या हार्डवेअर दुकानात परत कराव्यात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा माल आहे. घरातली ऊब छतातून जाऊ द्यायची, आणि मग विकतच्या विजेने बाहेरचा बर्फ तापवायचा. डेल यांनी हा माल आमच्या अर्ध्या गावाला विकला, आणि माझ्या वडिलांना दोनदा, कारण पहिल्या तारा वडिलांनी कुऱ्हाडीने तोडल्या होत्या. डेल या कागदाचे साक्षीदार आहेत. परत केलेला माल ही देणगी नव्हे, त्यामुळे कायद्याला हरकत नसावी.

६. आईनंतर घर ऑस्मोला जाईल. हे वाचून त्याने अजून उठून नाचू नये.

घर ताब्यात आल्यावर मी वरची सौना काढली. झडपेचे भोक बुजवले, दिव्यांच्या आणि नळांच्या भोवतीच्या फटी बंद केल्या, पोटमाळ्याच्या जमिनीवर कागदाच्या लगद्याचा जाड थर पसरला, आणि वळचणीकडून आढ्याकडे बाहेरची थंड हवा खेळती राहील अशी वाट मोकळी केली. घर गरम, छप्पर थंड. एवढेच शास्त्र आहे. तेव्हापासून जानेवारीत आमच्या छपरावर बर्फ जाड रजईसारखा जसाच्या तसा पडून असतो. एकही पागोळी नाही. काका म्हणतात, घर मेल्यासारखे दिसते. आईची भिंत कोरडी आहे. तिचा खोकला गेला.

सौनेच्या शेगडीवरचे दगड ऑस्मोने त्या दिवशी ट्रकमध्ये भरून नेले. एकही मदतीचा हात न लावता, पण दगड एकही न विसरता. गेल्या नाताळात, जेवणाच्या टेबलावर, तोंडात घास असताना तो म्हणाला, "तू जा कुठं दूर नोकरीला. पहिलं काम, सौना जिथं होती तिथं परत."

"आणि झडप?" मी विचारले.

"झडपेशिवाय सौना कशी? बाकं कुजतील."

"आईच्या फुप्फुसापेक्षा तुला बाकांची काळजी."

"अगं, बाबांनी बांधलेली होती ती," तो म्हणाला. "तू त्यांना मोडलंस."

माझे दुखणे कळल्यापासून त्याने हे वाक्य पुन्हा उच्चारलेले नाही. मागेही घेतलेले नाही.

तरी अट अशी. आई हयात असताना किंवा नंतर, ऑस्मोने या घराच्या आत सौना बांधली किंवा पोटमाळ्याच्या जमिनीला कोणत्याही कारणाने भोक पाडले, तर घरावरचा त्याचा हक्क त्याच दिवशी संपेल. आई असेल तर ती तिथेच राहील. तिच्यानंतर घर गावच्या अग्निशमन दलाला सरावासाठी जाळायला द्यावे. ऑस्मो त्या दलात स्वयंसेवक आहे, त्यामुळे पाण्याचा पाइप धरायला त्याला मिळेल. तपासणी दर जानेवारीत मार्लिसने करावी. आत जायची गरज नाही. रस्त्यावरून छपराकडे पाहावे. बर्फ आहे की नाही, एवढे पुरे. छप्पर खोटे बोलत नाही.

७. इथे मृत्युपत्र संपणार होते. मग काल आईबरोबर दवाखान्याची पिशवी भरत असताना पुढील बोलणे झाले, ते नोंदवते.

मी तिला म्हणाले, "काळजी करू नकोस. मी नसले तरी तुझी भिंत कोरडी राहील असं लिहून ठेवलंय."

"भिंत कोरडीच आहे गं," आई म्हणाली. "आता खूप कोरडं आहे सगळं."

"म्हणजे?"

"शनिवारी कोणी येत नाही."

"काका येतात की."

"येतो. कॉफी पितो, टोपी हातातच, आणि जातो. आधी टॉवेल गुंडाळून तासन् तास बसायचा. मूर्खासारखा बोलायचा. ऑस्मो पण. तुझे बाबा पण." तिने माझे मोजे घडी करून पिशवीत ठेवले. "मूर्खासारखं बोलणं कानावर पडायचं, खोलीत झोपल्या झोपल्या. भिंतीतून ऐकू यायचं."

मी म्हणाले, "त्याच भिंतीतून पाणी यायचं."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "मीच झोपत होते तिथं."

माझ्या मोजणीत ही गळती आली नव्हती. ती मोजायचे उपकरण माझ्याकडे नाही. म्हणून हे कलम.

माझी बँकेतली सर्व शिल्लक अंगणात, जिथे आजोबांच्या सौनेचा दगडी पाया अजून गवतात आहे त्याच्या घराकडच्या अंगाला, नवी सौना बांधण्यासाठी वापरावी. ती ऑस्मोने स्वतःच्या हाताने बांधावी. ओंडके वडिलांच्या कुऱ्हाडीने तासावेत, म्हणजे त्या कुऱ्हाडीला शेवटी लाकूड भेटेल. शेगडीवर त्याने नेलेले तेच दगड रचावेत. झडप ठेवावी, हवी तेवढी मोठी ठेवावी, आणि ती आभाळात उघडावी. घरापासून तिथवरची वाट हिवाळाभर आर्मासकाकांनी मोकळी ठेवावी, आईच्या पायाला बर्फ लागू नये इतकी. मला न आवडणाऱ्या सगळ्या माणसांना शनिवारी बोलवावे. दगडांवर पहिले पाणी आईने ओतावे.

सौनेची खिडकी घराच्या बाजूला असावी. आईच्या खोलीत आवाज येईल इतकी जवळ आणि वाफ येणार नाही इतकी दूर, अशी जागा मी खुंट्या ठोकून आखली आहे. त्या सौनेच्या छपराबाबत माझी कोणतीही सूचना नाही. तिथे बर्फ वितळो, गोठो, बांध घालो, पागोळ्या जमिनीला टेकोत, कॅलेंडरवर जावोत. त्या छपराखाली कोणी झोपत नाही.

हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू व्हावे. मार्लिस म्हणते, मृत्युपत्रात असे चालत नाही. चालत नसेल तर याला कलम न समजता निरोप समजावे, आणि तिने आज इथून निघाल्यावर थेट ऑस्मोकडे जाऊन तो वाचून दाखवावा. सोमवारी मी शुद्धीवर येईन किंवा येणार नाही, पाया त्याआधी खणायला घ्यावा. जमीन गोठायला फार दिवस उरलेले नाहीत.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि त्यातला एकही शब्द सौम्य करावासा वाटला नाही. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना.

ठिकाण: कॅल्युमेट, मिशिगन
दिनांक: २४ ऑक्टोबर

(सही) केर्तू वर्नर निस्काला

साक्षीदार:

१. (सही) मार्लिस कोस्केला. निरोप घेऊन निघाले आहे.

२. (सही) डेल ट्रेव्हॅरो. कलम पाचमधला मजकूर मला मान्य नाही. सही मान्य आहे. सौनेचे खिळे दुकानातून न्यावेत, ते मी विकणार नाही, देणार आहे.