आधी ओळख द्यायची नाही

आई,

तू ज्यासाठी मला रागवायचीस, तेच आता माझ्या कामाचा भाग झालंय. बाबांची बदली होऊन आपण नुकतेच इकडे बंगाली मुलखात, बेहालाला आलो होतो. बाजारात शेजारच्या काकीमा दिसल्या आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले. घरी वांगी चिरता चिरता तू म्हणालीस, "परक्या गावात आलोय आपण. ओळखीच्या माणसाकडे बघून हसायला काय पैसे पडतात?" तू मोडक्या हिंदीत अख्खा बाजार आपलासा केलास. मी शाळेत कितीतरी दिवस कुणाशीच बोलत नव्हते, हे कळलं ते फक्त तुला.

आता मी इथल्याच एका शाळेत मानसतज्ज्ञ आहे. जिन्याखालच्या खोलीत मुलं येतात. कुणी बोलतं, कुणी नुसतं बसून राहतं. पहिल्याच भेटीत मी सांगते, बाहेर दिसलो तर मी आधी ओळख देणार नाही, तू दिलीस तरच हसेन. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना बाकीची 'पागल' म्हणतात ना. खोलीत ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हाही नियमच. शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की गप्पा थांबतात. घरी तर गप्पा थांबवायलाही कुणी नाही. फार एकटं वाटतं गं. तुला सांगितलेलं कुठे जाणार आहे म्हणा.

सातवीतली एक मुलगी घराबाहेर तोंडच उघडत नाही. माझ्यासमोर बसून ती माझ्या पेन्सिलींना टोकं काढते, मी काढू देते. असंच चाललं तर तिला आजीकडे सिलिगुडीला ठेवायचं घरच्यांनी ठरवलंय. काल बाजारात ती आईबरोबर दिसली. मी सवयीने मान खाली घालून कोबी निवडायला लागले. मागून बारीक आवाज आला, "मिस, भालो आछेन?" बऱ्या आहात ना, म्हणून विचारत होती. तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हसले, आणि तुझी इतकी आठवण आली की कोबी तिथेच राहिला.

आज तिने टोक काढता काढता विचारलं, "आम्ही सगळे तुम्हाला सांगतो. तुम्ही कुणाला सांगता?"

"माझ्या आईला."

"मग त्या काय म्हणतात?"

"अजून काही म्हणाली नाही," मी म्हणाले.

तू नाहीस, हे तिला सांगता आलं नाही. खरं म्हणजे शाळेत मी ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही.