आक्काचे दोन एकर

५ फेब्रुवारी

हरलो. बाबांनी घेतलेल्या कुरुंद्याच्या चार एकरांतले दोन वसमतच्या कोर्टाने आक्काला दिले. लग्नात तिचं तिला देऊन झालं, हे माझं म्हणणं साहेबांनी मानलं नाही.

परतीच्या बसमध्ये आक्काने रुमाल टाकून माझी जागा धरली होती. चार वर्षं हेच चाललंय. कोर्टात समोरासमोर, बसमध्ये शेजारी! आजही बसलो.

९ फेब्रुवारी

वकील व्यंकटरावांनी समजावून सांगितलं. 'वसमत म्हंजे खालचं कोर्ट. त्याच्यावर हिंगोलीचं जिल्हा कोर्ट, तीस दिवसांत अपील करायचं. तिथं बी न्हाई जमलं तर संभाजीनगरला हायकोर्टाचं खंडपीठ हाय.'

म्हणजे खालच्याची चूक वरच्याने बघायची. व्यवस्था चांगलीच आहे. पण मला चूक दुरुस्त करून घ्यायची आहे, की आक्काला दमवायचंय? इथे तरी खरं लिहितो — दमवायचंय. साठी उलटली तिची. नवरा नाही, लेकरू नाही, देवळामागच्या खोलीत एकटी राहते. किती वर येईल?

२ मार्च

हिंगोलीला अपील दाखल.

साक्षीची नक्कल वाचली. वर आता माणसांना पुन्हा विचारत नाहीत, खालून आलेले कागदच बघतात म्हणे. आक्का साक्षीत म्हणाली होती, 'ह्याला कडेवर घेऊन मी त्याच रानात हळद येचली.' नकलेत ते कुठेच नाही. टंकलेखकाला कामाचं वाटलं नसेल. मला आधी बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

१८ एप्रिल

हिंगोली. वसमतच्या निकालाला स्थगिती मिळाली.

येताना जागा धरलेलीच. वसमत जवळ आल्यावर आक्का म्हणाली, 'सोम्या, संभाजीनगरला नेऊ नको रे. तेवढं बसवत न्हाई मला.' 'न्हाई नेत' एवढं म्हणायला मला काय लागत होतं?

११ जून

तारीख. पुढची तारीख. आक्का आली नाही. हिंगोलीहून उभ्याने आलो.

२९ जून

आक्का गेली. छातीत पाणी झालं होतं, कोणाला सांगितलंच नाही तिने. शेजारच्या भिकाबाईने रडत मला विचारलं, 'तुमाला बी ठाव नव्हतं?' अग्नी मीच दिला.

१४ जुलै

व्यंकटराव म्हणाले, 'नवरा न्हाई, लेकरू न्हाई. तिला बापाकडून आलेली जमीन बापाच्याच वारसाकडं येती. म्हंजे तुमच्याकडं. आता अपील चालवा की सोडा, रान तुमचंच.'

१६ जुलै

हिंगोलीला जाऊन अपील मागे घेतलं. व्यंकटरावांना पटलं नाही. 'काहून? आपोआप बंद पडलं असतं की.'

वसमतचा निकाल कायम झाला. ते दोन एकर आक्काचे होते, असं आता कागदावर राहील. मला मिळाले ते तिच्याकडून.