हत्तीचे चौकोन

१० नोव्हेंबर
काल नागेशचा सत्कार. मीही गेलो, इस्त्रीचा सदरा घालून, मूर्खासारखा. हत्ती-कमळाची चादर त्यानं पुन्हा बाजारात आणली, बाहेरगावी गाजली, म्हणून हार. माइकवर म्हणाला, "सगळं डिझाईन कॉम्प्युटरवर बसवलंय." बारा वर्षं कारखान्यात माझ्या शेजारी बसून ग्राफ भरायला, म्हणजे चौकोनी कागदावर नक्षी रंगवायला, शिकला हा. माझं नाव एकदाही नाही. वर जुने कारागीर म्हणून आम्हा पाच-सहा म्हाताऱ्यांना स्टेजवर बोलावलं आणि एकेक चादर पांघरवली. तीच चादर. माझी नक्षी माझ्याच खांद्यावर, टाळ्या त्याला.
बी.पी.ची गोळी एकदा घेतली की दोनदा, आठवत नाही.

११ नोव्हें.
चादर दाराशी पायपुसणं म्हणून टाकली. सूनबाईनं उचलून झटकली. "मामा, चादरीनं काय घोडं मारलंय तुमचं?"
यापुढं त्याचं पूर्ण नाव लिहिणार नाही. ना. एवढं पुरे.
ट्रंकेतून जुना ग्राफ काढला. हत्ती-कमळाचा. कोपऱ्यात माझी सही, फिकी झाली तरी आहे. ठरलं. तेवीसला, रविवारी, डिझाईनवाल्यांची सभा. तिथं माझा ग्राफ आणि त्याची चादर मोठ्या कागदावर शेजारी-शेजारी छापून दाखवायची, चौकोनाला चौकोन. कॉम्प्युटरवर केलंस ना? कॉम्प्युटरवरच उघडा पाडतो.

१३ नोव्हें.
सूनबाई घरी बसून लग्नपत्रिका, लेबलं करते. म्हटलं, दुपारी मशीन रिकामं असतं, मला शिकव.
"आता ह्या वयात कशाला मामा?"
"शिकव म्हटलं ना."
हसली, पण खुर्ची दिली.
पडद्यावर चौकोन आणून दिले. ग्रिड. आमचा ग्राफच की! बाण जवळ नेला की रेघ आपोआप जाऊन चौकोनाला चिकटते. पहिल्यांदा चिकटली तेव्हा काही बिघडवलं असं वाटून हात काढून घेतला. मग कळलं. हात कापतो माझा, रेघ कापत नाही. ना.ला हे सगळं आयतं मिळालं.

१६ नोव्हें.
तीन दिवस ग्राफवरून एकेक चौकोन मोजून हत्ती भरला. आज पूर्ण झाला आणि बघतो तर हत्ती कुठला, म्हैस बसलेली. बुटकी, ढेरपोटी. परत मोजलं. मोजणी बरोबर. सूनबाई म्हणाली, "डुकरासारखं दिसतंय हो." जेवण गेलं नाही.
सभेत हे दाखवलं असतं तर... ना. पोट धरून हसला असता.

१७ नोव्हें.
सापडलं! पहाटे उठून जुना ग्राफ धागे मोजायच्या भिंगाखाली धरला. चादरीत इंचाला उभे धागे जास्त, आडवे कमी, म्हणून आमच्या ग्राफचा चौकोन अरुंद आणि उंच असायचा. पडद्यावरचा सगळीकडून सारखा. करकंबच्या शाळेत सातवीपर्यंतच गेलो, पण हे कुणा ग्रॅज्युएटला सुचलं नसतं. सूनबाईनं आडवं माप वेगळं, उभं वेगळं घातलं आणि हत्ती उठून उभा राहिला.
आता तुझं काही खरं नाही, ना.

१९ नोव्हें.
बाजूच्या पट्टीवरून बाण ओढला की निळी रेघ येते. गाईडलाईन. कमळ कुठं, किनार कुठं, हत्ती कुठं, सगळं त्या रेघांवर बसवलं. मग चादर जमिनीवर पसरून भिंगानं धागे मोजत गेलो. सूनबाई माझ्या चित्रावर खुणा करत गेली. एकही चौकोन इकडचा तिकडं नाही. चोर.
गुडघे धरलेत. धरू देत.

२० नोव्हें.
ना. घरी आला! आमच्या जुळे सोलापूर वसाहतीत रिक्षावाल्यानं त्याला दोनदा चुकवलं म्हणे. कायमचं चुकवायला हवं होतं. रविवारच्या सभेचं बोलावणं. "मास्तर, तुमी दोन शब्द बोलायचं हाय." मनात म्हटलं, बोलतो की.
पडद्यावर हत्ती तसाच होता. झाकायला उठेपर्यंत त्यानं बघितला. जवळ गेला, सोंडेवर बोट ठेवलं. "ग्रिड बरोबर बसवलाय मास्तर. माजा पयला हत्ती डुकरागत झालता." सूनबाई हसली. मला राग आवरला नाही.
"स्टेजवर माझं नाव का घेतलं नाहीस?"
चहा संपवला. कप खाली ठेवला. "तवा तुमी कुणाचं घेतलं हुतं, मास्तर?"
आणि गेला. हे काय उत्तर झालं?

२१ नोव्हें.
सोंडेवर ठेवलेलं बोट डाव्या हाताचं होतं. ना. डावखुरा. रात्रभर तेवढंच दिसत राहिलं.
सकाळी सूनबाईला म्हटलं, ग्राफचा फोटो मोठा कर. अजून. अजून. कमळाच्या प्रत्येक चौकोनात कुंचला उचलताना राहिलेली रंगाची शेपटी उजवीकडं, तसाच उचलतो मी. हत्तीच्या प्रत्येक चौकोनात डावीकडं.
हा ग्राफ केला त्या साली माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. महिनाभर पट्टी. मालकाला घाई होती. पट्टी सुटल्यावर सही तेवढी मी केली. चादर गाजली, हार मला पडला. त्याचं नाव...
तर काय झालं? कागद माझा, रंग माझा, भरायला शिकवलं मी. आणि पट्टीचं मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो.

२२ नोव्हें.
हत्तीभोवती चार निळ्या रेघा ओढल्या. आत त्याचं, बाहेर माझं. सूनबाई म्हणाली, "मामा, ह्या रेघा छापताना येत नाहीत हं. नुसतं चित्र येईल." म्हणजे कुणाला कळणार नाही.
पण त्यानं उद्या आधी तोंड उघडलं तर? की मी आधी बोलू? त्यानं जुना हिशेब मनात ठेवून मला म्हाताऱ्याला माझीच चादर पांघरवली, हे तरी माफ करायचं का? नाही करणार.
छपाईवाला सातला बंद करतो. साडेसहा झालेत. सूनबाई फाईल उघडून बसली आहे. दुसऱ्यांदा विचारते आहे, "सही कुठं टाकू मामा? कमळाखाली की सगळ्याखाली?"