आत्याच्या चुलीचा धूर

१२ डिसेंबर
मरोद्याला आत्याकडे चूल बसवली. लोखंडी, पुढे दार, मागून धुराचा पाइप भिंतीतून बाहेर. मी एकट्याने केलेली पहिली वस्तू. आत्याने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. "आमच्या संजूनं केली!" छान पेटली. लाकूड घालायला आत्याने दार उघडलं आणि धुराचा लोट सरळ तिच्या तोंडावर.
मी म्हणालो, "आत्या, झटक्याने उघडतेस तू. हळू उघड."
काकू बघत होत्या म्हणून म्हणालो.

१५ डिसें.
दाराच्या कडेला काचदोरी, काचेच्या धाग्यांची न जळणारी दोरी, चिकटवली. बंद असताना आता धुराची रेघही येत नाही. उघडलं की तेवढाच. म्हणजे दाराचं काही नाही.

१९ डिसें.
पावर हाउस भागातल्या आमच्या वेल्डिंगच्या दुकानात उस्तादांना विचारलं. त्यांच्या हाताखालीच मी काम शिकतो.
"पाइप कहाँ तक गया है?"
छपराच्या कडेपर्यंत, म्हटलं.
"बस, किनारे तक? अरे हीरो, हवा ऊपर से आके उसी में घुसेगी। धुआँ बेचारा जाएगा कहाँ? तेरी बुआ के मुँह पे!" सगळे हसले.
पाइप पूर्णच आणला होता. मीच साडेतीन फूट कापला. आत्याला सांगितलं, वर नेला तर छपराचे कवेलू फुटतील. खरं कारण, मला छपरावर चढायची भीती वाटते. हे उस्तादांनाही सांगितलं नाही.

२३ डिसें.
आत्याचे डोळे लाल. खोकते. आता ती दार आधी बोटभर उघडते, मोठ्याने दहा मोजते, मग पूर्ण उघडते. धूर थोडा कमी, पण येतोच.
"माह्या हातालेच वळण नाही बाप्पा. बरोबर करून राहिली ना मी?"
सांगायला तोंड उघडलं. बाहेर आलं, "जमेल हळूहळू."
घरी येऊन जेवलो नाही. आईला म्हटलं, आत्याकडे खाल्लं.

२ जाने.
आत्या दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, धुरापासून दूर राहा. तिने त्यांना सांगितलं, चूल चांगली हाय, मीच धांदरट. हे मला हसत हसत सांगत होती. मध्ये दोनदा खोकली.
मी म्हणालो, "गॅसवरच कर ना सगळं."
"वा रे वा! तू एवढी मेहनत केली अन् मी कोपऱ्यात ठेवू तिले?"

५ जाने.
आत्या दुर्गला नणंदेकडे. चावी माझ्याजवळ. शिडी आणली. पाचव्या पायरीवर बराच वेळ नुसता उभा. मग चढलो. दोन कवेलू फुटले, बदलले. कापलेला तुकडा जोडून पाइप छपराच्या माथ्याच्याही वर काढला, टोपी घातली. खाली येऊन पेटवलं. दार उघडलं, धूर आतच ओढला गेला. आठ वेळा उघडून पाहिलं. आठही वेळा.
एवढंच काम होतं. तीन आठवडे...

७ जाने.
आत्या आली. "वर काय केलं रे? कवेलू नवे दिसून राहिले."
"काजळी काढली. पाइप जरा वाढवला."
जरा.
तिने दार बोटभर उघडलं, दहा मोजले, पूर्ण उघडलं. धूर नाही. टाळी वाजवली तिने. "जमलं रे मले!"
मी म्हणालो, "हो."

१४ जाने.
संक्रांत. आत्याकडे बायका आल्या होत्या. प्रत्येकीला चुलीपुढे बसवून दाखवत होती. "संजूनं शिकवलं म्हणून. नाही तं माह्याच चुकीनं मी महिनाभर धूर खाल्ला." काकू म्हणाल्या, "आमालेही एक करून दे रे बाबू." मी मान डोलावली. तिळगूळ हातातच राहिला.
सगळ्या जाईपर्यंत थांबलो.
"कावून थांबला? भूक लागली का?"
"आत्या, चूक तुझी नव्हती."
"कोणती रे?"
तिने पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.