बाजरीची गाडी

नारायणगडाच्या पायथ्याहून,
आश्विन वद्य द्वादशी, फसली १३२८

चि. सौ. केशर हिस आईचा पोटभर आशीर्वाद. आमी इकडं बरे हाओत. हा कागद तू सोता वाच, सासूबाईकडं देऊ नको.

नात झाली! आपला गडी सटवा तुज्या सासरहून, चकलांब्याहून, सांगत आला तवा मी बाजरीत माळ्यावर पाखरं हाकीत व्हते. वरूनच आरडले, "आवं, आज्जा झालात!" तुजे आबा म्हनले, "साऱ्या शिवारानं ऐकलं. पाखरं तुज्या गोफणीला न्हाई, तोंडाला भेतात." नाक कुनावर गेलंय गं? माझ्यावर नसलं म्हंजी बरं.

यंदा पावसानं लई दगा दिला. जवारी गुडघ्याला येऊन करपली. बाजरी मातर उभी राहिली. कणसं बोटाएवढीच, पन दाना भरला. आता कापून सरमाडाच्या पेंढ्या बांधल्यात. मागल्या सरमाडाच्या भरवशावरच तू उन्हाळ्यात तुजी ढवळी गाय आमच्याकडं चाऱ्याला धाडलीस.

आबा म्हनले, लिहू नको, बाळंतिणीचं दूध आटंल. पन बाळाला दूध पायजे म्हनून तुज्या घरची मानसं ढवळीला न्यायला येनार. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापरीस माझ्याकडून कळू दे. आदी भाकर खा, मग म्होरलं वाच.

करपल्या जवारीला पावसाची सर पडून नवे फुटवे आले की त्यात गुरं सोडू नये, किराळाचं इख लागून मरतात, हे आबांनी जल्मभर दुसऱ्यांना सांगितलं. नात झाल्याचं ऐकलं त्या दिशी सोताच ढवळीला तिकडं नेलं. म्हनले, "नातीची गाय हाय, रोज वाळलं खाती, आज हिरवा घास खाऊ दे." ती कोसळली तवा गुळाचं पानी पाजलं, मान मांडीवर घेतली. ढवळी उठली न्हाई. तवापासून आबा रिकाम्या दाव्यापाशी बसत्यात. जेवायला मीच हाताला धरून उठवते.

आपली मोरी वासरासकट धाडतेय. ती तुजीच, परत पाठवू नको. आमाला म्हाताऱ्यांना ताक काय आन पानी काय. गाडीत सरमाड हाय, पोत्यात तुज्यापुरती बाजरी. रोज ऊन भाकर गूळ-तुपासंगं खा, दूध उतरतं.

सटवा हा कागद घेऊन म्होरं येतोय. गाडीसंगं आबा हायेत. बैलांवर भार नको म्हनून पायी येतो म्हनतात. खरं तर त्यांना लवकर पोचायचंच न्हाई.

सासूबाई बोलायचं ते बोलतील. तू आबांना दारात उभं ठिवू नको. त्यांनी तोंड उघडायच्या आत नात त्यांच्या हातात दे.

तिला इथूनच मांडीवर घेतलेली,
तुजी आई चंद्रभागा