चार नंबरची भाजी

३ तारीख, रविवार, सकाळी
मेळाव्याची यादी ग्रुपवर आली. नियम जुनाच: प्रत्येक घराने एक शाकाहारी पदार्थ आणायचा, सगळ्यांनी वाटून खायचा. माझ्या नावापुढे काय? पाण्याच्या बाटल्या व कागदी प्लेट्स.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच.
आठ वर्षं माझी मिश्र भाजी हे लोक चाटूनपुसून खातायत. डबा दरवर्षी रिकामा परत येतो. आणखी काय पुरावा हवा? मी स्वतः तर चमचाभरही घेत नाही, इतरांना कमी पडू नये म्हणून.
यामागे थोरल्या वहिनीच. टेबलाच्या मध्यभागी कायम त्यांचं भांडं. माझं कडेला, हात पुसायच्या कागदांपाशी. जागा जाईल म्हणून धास्तावल्यात.
हिला विचारलं. म्हणाली, पाणीही महत्त्वाचं असतं. म्हणजे घरातही फितुरी.

३ तारीख, दुपारी
मेळावा ताईकडे, म्हणून तिला फोन. म्हणाली, तुला दगदग नको म्हणून यादी बदलली. दगदग! चौतीस वर्षं बोर्डाचे पेपर तपासले, एकेका सुट्टीत आठआठशे. मला कसली दगदग?
मग सुचलं. परीक्षाच घ्यायची! सहा घरं, सगळ्यांना एकच प्रश्न: मिश्र भाजी. भांडी एकसारखी, त्यांवर फक्त नंबर. अकरा मोठी माणसं दहापैकी गुण देणार. जो पहिला, त्याचं भांडं यापुढे कायम मध्यभागी.
नियमावली टाइप करून ग्रुपवर टाकली. तीन तास कुणी चकार शब्द काढला नाही. दरारा असतो एकेकाचा.

४ तारीख
ताई बरं बाबा म्हणाली. बाकीच्यांनी नाइलाजाने होकार दिला. वहिनींनी हसरा चेहरा पाठवला. हसून घ्या.
उद्यापासून रोज सराव.

५ तारीख
फरसबी चांगली मिळाली नाही. सराव उद्या.

७ तारीख
पाठ धरली. शिवाय विचार केला, सरावाने हात बिघडतो. सराव रद्द.

१० तारीख, रविवार, सकाळी ८
भाजी झाली. लसूण खमंग काळा केला. ही म्हणाली, करपला. खमंग आणि करपलेला यातला फरक हिला इतक्या वर्षांत कळला नाही.
मधेच नियम क्रमांक सात सुधारायला बसलो (चमचे धुऊन वापरणे). मीठ घातलं का? घातलंच असणार. चव पाहिली नाही. परीक्षक स्वतःचा पेपर तपासत नाही.
लाल पेन खिशात घेतलं. मला निळ्या शाईने गुण देता येत नाहीत.

१० तारीख, संध्याकाळी
पेन कागदात रुततंय. रागाने.
क्रमाने लिहितो. पुतणसुनेने आत जाऊन सगळ्या भाज्या एकसारख्या भांड्यांत ओतल्या, नंबर लावले. कुठला नंबर कुणाचा, हे फक्त तिला ठाऊक.
एक नंबर ठीक. दोन नंबरचा घास घेतला आणि डोळे भरून आले. हीच माझी भाजी! काय तो हात! प्रामाणिकपणे दहा दिले. तीन बरी. चार तोंडात घातली आणि थुंकायला जागा शोधली. मीठ नाही, लसणाचा कोळसा. ओळखलंच मी, वहिनी! शून्य दिलं आणि शेरा लिहिला: ‘स्वयंपाकघरात पुन्हा पाऊल टाकू नये.’ पाच आणि सहा किरकोळ.
मग निकाल. पुतणसुनेने फक्त नावं आणि बेरजा वाचल्या. वहिनी पहिल्या, एकशे दोन. मी दुसरा, शंभर.
मी फेरतपासणी मागितली. ती चाचरत म्हणाली, काका, तुम्हाला दहाजणांनी दहा दिले, एकानेच शून्य.
शून्य! माझ्याच रक्ताच्या माणसांत असा गद्दार! आणि वहिनींना मी स्वतः शून्य दिलेलं असताना त्या पहिल्या कशा? उघड घोटाळा. गुणांच्या सगळ्या चिठ्ठ्या ताब्यात मागितल्या. ताई म्हणाली, जाऊ दे ना रे, जेवून घे. मेहुणे छताकडे बघत होते. ही तर माझी बाही ओढत होती. सगळे सामील. शेवटी नियम क्रमांक बारा दाखवला (शंका आल्यास चिठ्ठ्या तपासायला देणे), तेव्हा चिठ्ठ्यांचं पाकीट मिळालं.
जेवलो नाही. डबा याही वर्षी रिकामा परत आला.
अक्षर मी हजारांत ओळखतो. उद्या गद्दार सापडणार. सापडला की त्याच्याशी जन्मभर बोलणार नाही.

११ तारीख, सोमवार, सकाळी १०
पाकीट उघडलं. चिठ्ठ्या अकरा. पाठीमागे पुतणसुनेची यादी टाचलेली. दोन: मोठ्या काकू, म्हणजे वहिनी. चार: काका.
दहा चिठ्ठ्या निळ्या. चारपुढे दहा, दहा, दहा. वहिनींच्यासुद्धा चिठ्ठीत दहा.
एक चिठ्ठी लाल.

११ तारीख, ११ वाजता
ताईला फोन केला. म्हणाली, पहिल्याच घासाला सगळ्यांना कळलं रे, चार तुझी. तो लसूण कुणाला कळणार नाही? आठ वर्षं प्रत्येकाने दोन-दोन चमचे घेऊन डबा संपवायचा, असं ठरलेलं आहे. उरली तर तुझा चेहरा पडतो. यंदा म्हटलं, पाण्यावर सुटू. तर तूच परीक्षा काढलीस. मग काय, दिले सगळ्यांनी दहा.
मी फोन ठेवला. फार वाईट वाटलं. आठ वर्षं दहा माणसं माझ्याशी तोंडावर खोटं बोलली. अख्ख्या घराण्यात एकच माणूस खरं बोलला, आणि त्याच्याशी जन्मभर बोलणार नाही असं मी कालच लिहून बसलोय.
नुसते तीन गुण दिले असते, तरी मध्यभाग माझा होता.

११ तारीख, दुपारी
ग्रुपवर लिहिलं: पुढच्या वर्षीपासून पाण्याच्या बाटल्या मी आणीन.
निदान कुणीतरी नको म्हणेल म्हणून फोन हातात धरून बसलो. दोन मिनिटांत दहा अंगठे आले. पहिला हिचा, स्वयंपाकघरातून.